रेवणसिद्धच्या आडातली बुगडी

मु. पो. कोहिनूर, वैशाख

तीर्थस्वरूप सौ. सत्यभामाआक्कास, धाकट्या आप्पारावाचा उदगीरच्या दिशेला तोंड करून नमस्कार.

इकडं माझा गुडघा सोडून सगळे बरे आहेत. तुझी शुगर कशी आहे, भाऊजींचा खोकला गेला का, ते कळव. (फोनवरच विचारलं असतं, पण भाऊजी स्पीकर लावून सगळं ऐकतात आणि मधेच निवडणूक काढतात, म्हणून कागद घेतला.) बुगडीचं काय झालं म्हणून तू परत परत फोन करायलीस आणि मी रेंज न्हाई म्हणून बंद करायलोय. रेंज होती आक्का. सांगायचं अवघड होतं.

तर झालं असं. आपल्या शेजारच्या रेवणसिद्धचं बोअर यंदा आटलं, म्हणून त्यानं त्याच्या शेतातला जुना आड उपसायला काढला. तोच, चिंचेखालचा. नळ येईपर्यंत सगळं गाव ज्याचं पाणी प्यायलं आणि नळ आल्यावर ज्याच्याकडं कुणी वाकूनही बघितलं नाही, तो. मी तिथं मदतीला गेलो, असं घरी सांगितलं होतं. खरं म्हणजे मला माझ्या लिंबांना गाळ पाहिजे होता. रेवणसिद्ध मोठ्या मनाचा, म्हणाला, अण्णा, सगळा न्या. गाळ वर यायला लागला तसा त्याचा वास सुटला. ओला दोर, पितळ आणि शेवाळ असा एकत्र वास. मला एकदम आई डोक्यावर दोन घागरी घेऊन दारात आल्यासारखी वाटली. गाळात पोचे आलेल्या घागरी निघाल्या, बुड गेलेले पोहरे निघाले, आणि घागरी काढायला सोडलेले गळ तर इतके निघाले, की घागरीपेक्षा गळच जास्त बुडाले असतील. आणि माझ्या फावड्यावर आली एक सोन्याची बुगडी.

आक्का, मी माणूस वाईट नाही, पण विचार करायला लागलो की वाईट होतो. आड रेवणसिद्धचा, हे कबूल. पण गाळ त्यानं मला दिला. मग गाळातली बुगडी कुणाची? दुकानातून ज्वारीचं पोतं आणलं आणि त्यात दुकानदाराची अंगठी निघाली, तर ती परत द्यावी लागते, हे मलाही कळतं. पण दुकानदार अंगठी शोधत असतो. ही बुगडी कोण शोधायलंय? असा माझा न्यायनिवाडा चालू असताना हात आपोआप खिशाकडं गेला. तेवढ्यात रेवणसिद्धनं, अण्णा काय सापडलं, म्हणून विचारलं आणि तोच हात आपोआप पुढं झाला. (गावात सध्या माझा प्रामाणिकपणा गाजायलाय. तू पण तेवढंच सांग.)

आता त्यानं ती गुपचूप घ्यावी की नाही? नाही घेतली. म्हणाला, "अण्णा, आड माझा हाय, पण पाणी सगळ्या गावानं भरलंय. ही मी घरात कशी ठेवू?" मी म्हटलं, मग मी ठेवतो. तेही त्याला पटलं नाही. शेवटी बुगडी किराणा दुकानदार चनमल्लप्पांकडं ठेवली, कारण गावात त्यांचाच तराजू खरा आहे असं ते स्वतः सांगतात.

दुसऱ्या दिवशी गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या आडावर जमल्या. प्रत्येकीची बुगडी त्याच आडात पडलेली. एकीच्या कानाला वरचं भोकच नव्हतं. ते बुजलं, म्हणाली. पण गंमत अशी, की हक्क सांगून झाल्यावर एकही उठेना. कट्ट्यावर बसून एकमेकींचे हातावरचे दोराचे घट्टे बघायला लागल्या, कुठली नवी सून इथं येऊन रडायची (घरात रडायला जागा कुठं होती?), कुणाचं लग्न इथंच ठरलं, ते काढायला लागल्या. मला वाटलं, बुगडी कुणाची का असेना, चार दिवस अशीच बिनमालकाची राहावी. त्यातच तुझा फोन आला, की ती तुझीच आहे. भाऊ म्हणून मीही तुझ्या बाजूनं उभा राहिलो.

मग शोभाबाई आल्या. भीमनगरातल्या, नागनाथ मास्तरांच्या आई. बाजूला उभ्या राहिल्या. चनमल्लप्पांनी विचारलं, तुमची पण पडली का?

"माझं काय पडणार त्यात?" त्या म्हणाल्या. "आमाला कट्ट्यावर पाय ठेवायची तरी मुभा होती का?"

मग त्यांनीच सांगितलं. लहानपणी त्या खाली घागर घेऊन उभ्या राहायच्या, वरून कुणी पाणी घालेल तेव्हा घालेल. रेवणसिद्धची आई शिवलीला तेव्हा नवी नवरी होती. ती सासू यायच्या आत घाईघाईनं ह्यांची घागर आधी भरायची. एकदा अशीच वाकली, पदरात बुगडी अडकली आणि आडात गेली. घरी तिनं जत्रेत पडली म्हणून सांगितलं.

"मी कुणाला बोलले न्हाई," शोभाबाई म्हणाल्या. "बोलले असते तर कामून वाकली, कुणाला पाणी घालायली, सगळंच निघालं असतं."

रेवणसिद्धची बायको घरी गेली आणि जोडीतली दुसरी घेऊन आली. तंतोतंत. सगळ्या म्हाताऱ्यांनी कानावर पदर ओढले. रेवणसिद्धनं मात्र बुगडीकडं बघितलंच नाही. त्याची आई तो रांगत असतानाच गेली, तुला माहीत आहे. त्यानं शोभाबाईंना विचारलं, "आई काय बोलायची तुमच्यासंगं?"

त्यांनी जरा आठवलं. "जास्त काय न्हाई. 'मेल्लक हिडी' म्हणायची, कानडीत. हळू धर, सांडंल. रोज तेवढंच."

त्यानं ते त्यांना परत म्हणायला लावलं. मग कट्ट्यावर बसा म्हणाला. "आता चढायला गुडघे न्हाईत," म्हणाल्या, आणि उभ्याच राहिल्या.

आपली आई त्यांना पाणी घालायची का, हे विचारावं असं माझ्या फार मनात आलं. विचारलं नाही. गाळही त्या दिवशी तसाच टाकून आलो.

भाऊजींना नमस्कार, नातवंडांना पापा, गोळ्या वेळेवर घे.

तुझा,
आप्पाराव

ता. क. खरं काम राहिलंच. तुझ्या बाजूनं उभा राहिलो, म्हणजे मी भर आडावर सांगितलं, की आक्काच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तिची बुगडी पडताना मी ह्या डोळ्यांनी बघितलं. चनमल्लप्पांनी बोटं मोजली. तुझ्या लग्नात मी आईच्या पोटात होतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आता सगळं गाव मला पोटातला साक्षीदार म्हणायलंय. तू तेवढा चनमल्लप्पांना फोन करून सांग, की बुगडी पडल्याचं साल सांगताना तुझीच चूक झाली.

ता. क. दुसरा. काल उरलेला गाळ भरला, त्यात एक नथ निघाली. अजून कुणाला बोललो नाही, रेवणसिद्धला सांगायचंच आहे. पण त्याआधी तुझी नथ कधी हरवली होती का, ते नीट आठवून कळव. आणि ह्या वेळेस साल जरा माझ्या जन्मानंतरचं सांग.