विहिरीवरचा बारीक सूर

औरंगाबाद, २० मे १९९१

ती. सौ. आशावहिनींस, कडूबाचा सा. न. वि. वि.

विहिरीवरच्या मोटारीच्या आवाजाच्या कॅसेटी कॉलेजातल्या यंत्राला ऐकवल्या. हे यंत्र आवाज चाळतं आणि कोणत्या सुरात किती जोर आहे, त्याचा आलेख काढतं. शितावरून भाताची परीक्षा मात्र इथं चालत नाही. एकाच तुकड्याचा आलेख नुसता थयथयाट करतो, म्हणून तर वेगवेगळ्या दिवसांचे आवाज मागवले. सगळ्यांची सरासरी काढली की इकडचातिकडचा गोंगाट बसतो आणि कायमचं असेल तेवढं उभं राहतं.

उभं राहिलं ते एक टोकदार शिखर, बारीक किंचाळीचं. बेअरिंग गेलं असणार. मोटार खोलली तर आठवडाभर पाणी बंद, आणि अद्रकाला आत्ताच कोंब आलेत, हे कळतं मला. पण जळाली तर सगळंच जाईल. दादांना म्हणावं, खोला.

धाकट्या दिरावर माया असू द्यावी.
कडूबा

कन्नड, २३ मे

चि. कडूबा भाऊजींस, वहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र वाचून दाखवलं. तुमच्या दादांनी एक प्रश्न विचारला नाही. उद्याच्याला मेकॅनिक बोलावून मोकळे झाले! मला काही चैन पडेना. घरी राहिलेली एक कॅसेट लावून बसले, तर तुमची किंचाळी ऐकू आली आणि लई हसले. पाणी सुटलं की बैल हौदावर येतो आणि तुमचे दादा त्याला शीळ घालतात. शिळेबिगर तो पोटभर पीत नाही ना! आपण शीळ घालतच नाही, असं ते शपथेवर सांगतात.

आज त्यांना बाजाराला धाडून नवी कॅसेट भरली, ती सोबत पाठवतेय. मेकॅनिकला दोन दिवस थोपवलंय. एसटीच्या कंडक्टरजवळ उत्तर द्या. जेवणखाण वेळेवर करत जा.
आशा

औरंगाबाद, २४ मे

ती. सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

नव्या कॅसेटीत शिखर गायब! मोटार ठणठणीत आहे, खोलू नका. जे प्रत्येक तुकड्यात येतं ते मोटारीचंच, असं मी धरून चाललो होतो. शीळही रोजचीच असेल, हे डोक्यातच आलं नाही.

हसलो खूप, पण रात्री झोप लागली नाही. माझ्या शब्दावर अद्रक वाळलं असतं आणि दादा मला एका शब्दानं बोलले नसते. त्यांना सांगा, मला प्रश्न विचारत जा. न विचारता माझं ऐकलं की मला भीती वाटते.

आशीर्वाद असू द्यावा.
कडूबा