भिडणारा की भुंकणारा

४ नोव्हेंबर
आज शेजारचा थर्मन फाटकातूनच ओरडला, "वेंडल, दोघांतला एक घे! उरलेला माझा!" म्हातारा मुलीकडे लफकिनला राहायला चाललाय. तिच्या अंगणात एकच कुत्रा चालेल म्हणे. रविवारपर्यंत सांगायचं.

एक बूगर, एक डीकन. बूगर रानडुकराला थेट भिडतो, कान धरतो, माणूस येईपर्यंत सोडत नाही. डीकन चार हात लांब राहून भुंकतो, डुकराला जागेवर अडवून धरतो, पण दात लावत नाही. चर्चमधल्या प्रवचन झोडणाऱ्या डीकनसारखाच – नुसता आवाज!

मला अर्थातच बूगर! डुकरांनी माझं अख्खं कुरण उकरून ठेवलंय. तिथे प्रवचन काय कामाचं?

५ नोव्हेंबर
ओलीटा म्हणते, डीकन घे. का? "असंच." बायकोच्या 'असंच'ला मी तीस वर्षं घाबरत आलोय.

माझ्या दुखऱ्या गुडघ्याचं तिला माहीत नाही. कुणालाच नाही. कळलं तर बंदूक कपाटात जाईल आणि मी खुर्चीत.

७ नोव्हेंबर
पारखायला म्हणून बूगरला नदीकाठच्या झाडीत नेलं. पाच मिनिटांत भिडला! काय कुत्रा आहे! मी पळालो – म्हणजे वीस पावलं. मग गुडघ्याने संप पुकारला. एकेक झाड धरत पोचायला वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ तो एकटा डुकराच्या कानाला लोंबकळत होता. खांदा फाटला होता, पण पकड सुटली नव्हती. डुक्कर मारलं. परत येताना कुत्रा माझ्यापेक्षा नीट चालत होता.

ओलीटाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याला सात टाके घातले.

"इतका उशीर का झाला रे?"

"काटेरी वेली होत्या."

"हं."

फार वाईट वाटलं. कुत्र्याने त्याचं काम केलं, मी माझं नाही.

८ नोव्हेंबर
टाके घातलेल्या बूगरने माझा कॉर्नब्रेड पळवला. तब्येत उत्तम!

९ नोव्हेंबर
बूगरला थर्मनकडे परत सोडलं. आज डीकन. पाऊण तास एका जागी भुंकत होता! डुक्कर ओकच्या झाडाला पाठ लावून उभं, हा समोर. मी आरामात गेलो. वाटेत ओंडक्यावर बसून कॉफीसुद्धा प्यायलो. एकच गोळी. कुत्र्याला साधा ओरखडा नाही.

इतकं सोपं, की लाजच वाटली. पण कुरण वाचेल, कुत्रा वाचेल आणि माझं बिंग फुटणार नाही. डीकनच घेणार! ठरलं.

१० नोव्हेंबर, रविवार
चर्चमधून थेट थर्मनकडे. ओसरीवर डीकनचे कान चोळत बसला होता.

"डीकन नेतो," म्हटलं.

"बरोबर निवडलंस, पोरा," तो हसला. "हासुद्धा आधी बूगरसारखाच होता, बरं का! मग माझे पाय जड झाले. माझी वाट बघता बघता दोनदा फाटला बिचारा. तिसऱ्या वेळी आपणच मागे सरकला आणि भुंकत उभा राहिला. जणू सांगत होता, म्हाताऱ्या, ये तुझ्या चालीने! तेव्हापासून असाच आहे."

बोलताना हसत होता, पण हात काही कुत्र्याच्या कानावरून निघेना. "उद्या येतो," म्हणालो आणि निघालो. डीकनसाठी नेलेली दोरी गाडीतच राहिली.

११ नोव्हेंबर
बूगरला घरी आणलं. डीकन थर्मनच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून लफकिनला गेला.

ओलीटाला गुडघ्याचं सांगून टाकलं. "दोन वर्षं बघतेय मी!" म्हणाली आणि फोन हातात दिला. शुक्रवारी सकाळी डॉक्टर. बूगरसाठी पळावं लागणार.