कारेगावचा गाळा आणि दोघींची हत्यारे

मी, श्रीमती नकुशी माऊली कोळपे, वय ४६, धंदा नळजोडणी व गरम पाण्याच्या लाईनची कामे, राहणार कारेगाव, ता. शिरूर, जि. पुणे, माझ्या मिळकतीची व्यवस्था माझ्या माघारी कशी व्हावी हे आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर माझ्या मर्जीने लिहून ठेवते. मसुदा वकीलसाहेबांचा आहे. मधली जादा वाक्ये माझी आहेत. ती काढू नयेत असे मी त्यांना बजावले आहे.

१. माझ्या हृदयाची एक झडप गळते. पुढच्या आठवड्यात पुण्यात ती बदलायची आहे. डॉक्टरांनी चित्र काढून समजावले तेव्हा मी विचारले, "म्हणजे नवा व्हॉल्व्ह बसवणार ना?" ते हसून हो म्हणाले. गळका व्हॉल्व्ह बदलला की लाईन वर्षानुवर्षे चालते, हे मी स्वतः करून पाहिलेले आहे. त्यामुळे मरणाची धास्ती मला फारशी नाही. हे मृत्युपत्र मी माझे दीर श्री. जयसिंग कोळपे, राहणार यवत, यांच्या बोलण्यामुळे करीत आहे. मागच्या महिन्यात ते मला बघायला आले आणि उठता उठता म्हणाले, "वहिनी, बरंवाईट काय झालं तर दुकानाचा गाळा आपल्याच घरात ऱ्हायला पायजे. बाहेरच्या बाईचं नाव त्याला लागाया नको."

२. ती बाहेरची बाई म्हणजे सौ. सोजरबाई कोंडिबा ओहोळ. ती कोण, हे कागदावर आलेच पाहिजे.

माझे पती कै. माऊली यवतचे. रांजणगावची एमआयडीसी सुरू झाली तेव्हा कारेगावात कामगारांसाठी खोल्या बांधायची घाई उडाली होती. नळाची कामे मिळतील म्हणून ते मला आणि मुलीला घेऊन इकडे आले. सोजरबाई आमच्या शेजारी राहायची आणि त्यांच्या हाताखाली रोजाने काम करायची. ते पाईपला आटे पाडत, ती दुसरे टोक धरून ठेवायची. १९९८ साली माझे पती काविळीने गेले. मी रडून रडून बसलेली असताना सोजरबाई एका सकाळी दारात आली. "वहिनी, भाऊंची हत्यारांची पिशवी काढा. चाळीचा नळ फुटलाय, आन् दुसरा मिस्त्री उद्या येतो म्हणतोय."

मी म्हटले, "मला काय येतंय त्यातलं?"

"मला येतंय. तुमी नुसता पान्हा धरा."

त्या दिवशी मी पान्हा धरला. पुढे तिने मला आटे पाडायला, सांधा गळू नये म्हणून त्यावर सुतळी गुंडाळून सफेदा लावायला आणि गळती कानाने ऐकायला शिकवले. लोक आजही "नकुशीबाईचं काम" म्हणतात, पण माझी उस्ताद सोजरबाई आहे. आम्ही एकाच डब्यात जेवतो. मी धनगराची, ती बौद्धवाड्यातली. या गोष्टीचा आम्हा दोघींना कधी त्रास झाला नाही.

३. त्रास दिरांना झाला. पतीच्या वर्षश्राद्धाला ते आले आणि सगळ्या भावकीसमोर म्हणाले, "आमच्या घरची बाई लोकांच्या मोऱ्या काढत हिंडती, ती बी हिच्यासंगं." जाताना हत्यारांची पिशवी मोटारसायकलला अडकवून घेऊन गेले. चार दिवसांनी कळले की त्यांनी ती यवतला भंगारात घातली. पतीची एवढीच वस्तू माझ्याकडे होती. त्या रात्री मला जेवण गेले नाही.

पण कारेगावातल्या मुलींच्या वसतिगृहाचे गरम पाण्याचे काम आम्ही तेव्हाच अंगावर घेतले होते. कंपनीत जाणाऱ्या मुली तिथे राहत, थंडी तोंडावर आली होती, आणि वसतिगृहाच्या बाईंना आम्ही शब्द दिला होता. सोजरबाई म्हणाली, "झालं ते झालं. भाऊंच्या पकडीत माजी बोटं पुरतच नव्हती. आपुन आपल्या हाताची घिऊ."

हे खरे होते. पतींचा हात मोठा. त्यांची पक्कड आम्हाला दोन्ही हातांनी दाबावी लागे, ती निसटे आणि नळावर दातांचे ओरखडे उमटत. तोवर आम्ही त्यालाच आमचा अडाणीपणा समजत होतो.

४. दोघींनी पैसे घातले आणि आम्ही शिरूरला श्री. सोपानराव यांच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. त्यांनी आधी एक नाजूक, रंगीत मुठीची पक्कड पुढे केली. "ही घ्या, घरातल्या कामाला बरी."

"घरातलं न्हाई," सोजरबाई म्हणाली. "गरम पाण्याची लाईन टाकायचीय. तीन मजले."

सोपानरावांनी आमच्याकडे पाहिले आणि एकेक खण उघडायला लागले. आम्ही प्रत्येक पक्कड पूर्ण उघडायची आणि एका हाताने मिटून बघायची. मिटताना तळवा ताणला तर बाजूला. जबडा मिटून उजेडाकडे धरायचा, फट दिसली तर बाजूला. सांध्यात खेळ असला तर बाजूला. मुठीवरचे रबर ओल्या हातात फिरते का, हे बघायला सोजरबाईने पाण्याचा पेला मागून घेतला. दुकानातली गिऱ्हाइके थांबून बघू लागली. सोपानराव हसत म्हणाले, "साडी बी एवढी कुणी बघत न्हाई." पण त्यांनाही गोडी लागली. त्यांनी स्वतः व्हाइसमध्ये पाईपचा तुकडा आवळून दिला आणि म्हणाले, "रिकामी दाबून काय कळणार? हिच्यावर फिरवा."

शेवटी सरकत्या जबड्याच्या दोन पकडी घेतल्या. माझी जरा लहान, तिची जरा मोठी. चकचकीत नळांसाठी बिनदाती जबड्याचा एक पान्हा घेतला, म्हणजे ओरखडा उमटत नाही. पाईप पान्हे दोन घेतले, कारण एकाने पाईप धरायचा आणि दुसऱ्याने सॉकेट फिरवायचे असते. मूठ लांब असलेले निवडले, तेवढा जोर कमी लागतो. बसने परत येताना पिशवी दोघींच्या मांडीवर होती. नवऱ्याच्या माघारी मी पहिल्यांदा मोठ्याने हसले ती त्या बसमध्ये.

वसतिगृहाची लाईन वेळेत झाली. पहिल्या सकाळी सगळ्या मजल्यांवर गरम पाणी आले. मुली ओल्या केसांनी गच्चीवर आल्या आणि आम्हाला वर ओढून चहा पाजला. त्यानंतर आम्हाला काम शोधत फिरावे लागले नाही.

५. कारेगावातील राहते घर आणि बँकेतील सर्व शिल्लक मी माझी एकुलती मुलगी सौ. प्रगती हिला देते. ती नगरला शिक्षिका आहे. गाळ्याबद्दल मी तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "आई, हे विचारायचं असतं का? तो मावशीचाच."

६. कारेगावातील आमच्या दुकानाचा गाळा मी माझ्या कष्टाच्या कमाईतून माझ्या नावे घेतला आहे. त्यावेळी सोजरबाईचे कागद तयार नव्हते म्हणून एकटीचे नाव लागले, पण कष्ट दोघींचे आहेत. संपूर्ण गाळा, आतील सामान आणि सर्व हत्यारे मी सौ. सोजरबाई ओहोळ हिला देते. दिरांचा किंवा कोळपे भावकीतील कोणाचाही त्यात काडीचा हक्क नाही.

७. माझी स्वतःची पक्कड मात्र सोजरबाईने ठेवून देऊ नये. माझ्या फोटोखाली तर मुळीच नको. हे काम शिकायला येईल त्या बाईला ती द्यावी. आधी तिला ती पूर्ण उघडून एका हाताने मिटायला लावावी. मिटली नाही तर तिला शिरूरला नेऊन तिच्या हाताची घेऊन द्यावी.

८. दिरांना मी काही देत नाही. परंतु एक गोष्ट त्यांच्या बाजूने लिहिते. दोन वर्षांपूर्वी यवतच्या त्यांच्या नव्या घरात गरम पाण्याचा पाईप फुटला आणि जाऊबाई म्हाळसाने आम्हालाच निरोप धाडला. आम्ही काम करीत होतो तोवर दीर रस्त्यावर उभे राहिले. म्हाळसाने आम्हा दोघींना स्वयंपाकघरात बसवून वाढले. तेव्हा ते आत आले, थोडा वेळ घुटमळले, आणि सोजरबाईला म्हणाले, "भाकरी अजून घ्या." पिशवीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. त्या दिवशी जे जमले ते त्यांना गाळ्याच्या बाबतीतही जमेल अशी मला आशा आहे. सासूबाईंचे चांदीचे तोडे म्हाळसाला द्यावेत.

९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी प्रगतीने करावी.

१०. सोजरबाई आज माझ्यासोबत आली आहे. साक्षीदार म्हणून सही करायला ती पुढे झाली तेव्हा वकीलसाहेब म्हणाले, "बाई, ज्याला मिळकत मिळते त्याची साक्ष चालत नाही."

ती म्हणाली, "मंग माजं नाव वरनं खोडा. गाळा नगं. मला हितं सही करू द्या."

नाव खोडलेले नाही. मी तिला सांगितले, "सोजर, इस्पितळात ऑपरेशनच्या आधी घरच्या माणसाची सही लागती. प्रगतीबरोबर तिथं तू कर."

तिने हातातले पेन वकीलसाहेबांच्या टेबलावर ठेवले. मग म्हणाली, "करीन. पर तुमाला माघारी घिऊन यायच्या बोलीवर."

सदर अट मला मान्य आहे.

येणेप्रमाणे वाचून, समजून, खाली सही केली.

ठिकाण : शिरूर
दिनांक : १५ नोव्हेंबर २००६

(सही) नकुशी माऊली कोळपे

आमच्या देखत सही केली, तिच्या देखत आम्ही केली :
(सही) सोपानराव, हार्डवेअर दुकानदार, शिरूर
(सही) ज्ञानदेव, निवृत्त पोस्टमन, कवठे येमाई