वर्गाची पडकई

वाडी, ता. आंबेगाव
१२ जानेवारी २०२५

तीर्थरूप नाना यांस,
वैजयंतीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला इथे डोंगरात रेंज मिळत नाही, म्हणून आपलं पोस्टावर बरं चाललंय. माझे बापू वारूळवाडीहून म्हणतात, की चुलत्या-पुतणीचं हे खूळ एक दिवस पोस्टमनच्या मुळावर येणार.

दिवाळीनंतर सुरू केलेला वर्ग एकतीस मुलांवर गेला. शाळा पाचला सुटते, घरची माणसं दिवस मावळल्यावर येतात. मधल्या वेळात मुलं समाजमंदिरात माझ्याकडे असतात. वाडीने किती करावं! गळणारे पत्रे बदलून दिले. ठकूबाई रोज हरभरे उकडून आणते. वरच्या वस्तीची वाट ओढ्यातून जाते आणि तिथे बिबट्या दिसतो, म्हणून सोपानभाऊ तिकडच्या अकरा मुलांना काठी-बॅटरी घेऊन घरी सोडतो. त्यातली सातवीतली रुपाली गणितात मला मागे टाकते.

या साऱ्यांचा सव्वीस जानेवारीला सत्कार करावा म्हणते. शाल, गुलाब, प्रमाणपत्र. तुम्ही चौतीस वर्षं मास्तरकी केलीत, चार ओळींचं भाषण लिहून पाठवा.

गुडघे सांभाळा. माझ्या आगाऊपणावर रागवा, पण लोभ कमी करू नका.

आपली,
वैजयंती

निरगुडसर
१८ जानेवारी २०२५

चि. वैजयंतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चार ओळी मागितल्यास, दोन पानं पाठवतोय. मास्तराला आखूड बोलता येत नाही. सत्कार जरूर कर. आपली माणसं राबतात आणि त्यांना कोणी दोन गोड शब्द बोलत नाही. आपल्या वाडीला मी शेवटचा आलो त्याला बेचाळीस वर्षं झाली, पण एवढं मला ठाऊक आहे. शेवटचं वाक्य, ‘तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते आज आम्ही फेडत आहोत’, सावकाश म्हण. टाळ्या हमखास पडतात.

अंगावर शाल तूही घे, डोंगरात थंडी असते.

तुझा चुलता,
चिमाजी

वाडी
४ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप नाना यांस,
सा. न. वि. वि.

टाळ्या पडल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून कोणी आलं नाही. ठकूबाईचे हरभरे बंद. सोपानभाऊ त्या वेळेला अंगणात लाकडं फोडत असतो. विचारलं तर म्हणाला, की आता झालं की बाई, तुमी समदं फेडलंत, आमचं काय राह्यलं न्हाई. हसून म्हणाला, आणि तेच मला जास्त लागलं.

वरच्या मुलांना तीन दिवस मीच सोडून आले. येताना एकटी, जीव मुठीत धरून. मग माझाही धीर सुटला. आता चौदा मुलं उरली आहेत. रुपालीची आई कुशाबाई सांगून गेली, की सोमवारपासून पोरगी यायची न्हाई, त्या वाटेनं एकली धाडायला ती काय आमाला जड झाली न्हाई. मार्चअखेर वर्गाचा खर्च देणाऱ्या संस्थेची माणसं पट बघायला येतील. पंचवीसच्या आत असला तर वर्ग बंद.

खरं सांगते, मला भयंकर राग आलाय. ज्यांच्यासाठी करावं त्यांनाच नको असेल तर गाशा गुंडाळलेला बरा. तुमचं काय मत?

आपली,
वैजयंती

निरगुडसर
१० फेब्रुवारी २०२५

चि. वैजयंतीस,
अनेक आशीर्वाद.

चूक माझी आहे. मी वाडीचा असून तुला ते वाक्य लिहून दिलं.

पडकई तू ऐकली असशील. पाच-दहा घरं मिळून आज याच्या उतारावर भाताचं खाचर काढतात, उद्या त्याच्या. मजुरी नाही, आभार नाहीत. ज्याने माझ्याकडे दिवस दिला त्याच्याकडे मी एक दिवस जायचं. देणं उरतं म्हणून माणसं येत राहतात. त्यांनी तुझ्या वर्गाला दिवस दिले, आणि बाई आपल्या उतारावर कधी येते याची वाट बघितली. तू त्यांना शाली पांघरवल्यास आणि फेडलं म्हणालीस. मग कशाला येतील?

हे मला आधीच कळायला हवं होतं, कारण हेच मी केलंय. मी नोकरीला लागलो त्या साली आमच्या वडिलांच्या खाचराचा बांध फुटला. दहा घरं धावून आली. त्यांचे दिवस मी द्यायचे होते. पण मी इस्त्रीच्या कपड्यांतला मास्तर, मला चिखलात उतरायची लाज वाटली. मी घरटी एक शर्टाचं कापड पाठवलं. पुढच्या साली बांध पुन्हा फुटला तेव्हा कोणी आलं नाही. वडिलांनी एकट्याने दगड वाहिले. मी वाडीवर रुसलो तो आजवर. आपली माणसं कृतघ्न, असं मुलाबाळांना सांगत आलो. तुझं पत्र वाचलं आणि कृतघ्न कोण ते कळलं. पोरी, फार वाईट वाटतंय.

सध्या पडकई कोणाकडे चाललीय ते बघ आणि न बोलावता जा. भाषण करू नकोस.

तुझा,
चिमाजी

वाडी
२ मार्च २०२५

तीर्थरूप नाना यांस,
शि. सा. नमस्कार.

पडकई कुशाबाईच्याच उतारावर होती. मी गेले. कोणी या म्हटलं नाही, का आलीस असंही विचारलं नाही. दगड हातात आले. सोपानभाऊ म्हणाला, की बाई दगुड उचलतीय का त्याला झोपवतीय. सगळी पोट धरून हसली, मीही हसले. दुपारी ठकूबाईने माझ्यापुढे भाकरी ठेवली. हाताला सहा फोड आले. निघताना कोणी माझे आभार मानले नाहीत. इतकं बरं मला सव्वीस जानेवारीलाही वाटलं नव्हतं.

दोन दिवसांनी कुशाबाई रुपालीला घेऊन आली आणि सत्काराची शाल परत ठेवून गेली. मग एकेक करून साऱ्या शाली आल्या. लहान मुलं आता त्यांवर बसून वाचतात. आभार ओठांवर आले होते, गिळले. ओढ्याच्या वाटेचे दिवस घरांनी आपसात वाटून घेतले. आज पट एकोणतीस आहे.

एक सांगायचं राहिलं. ठकूबाईने विचारलं, की मास्तर हाय का अजून. आहे म्हटलं. ती म्हणाली, की त्याचं कापड आमच्या सासऱ्यानं शिवलं न्हाई, तसंच पेटीत हाय, मंजी आमच्याकडचा त्याचा एक दिवस राह्यलाय.

काय सांगू तिला?

आपली,
वैजयंती

निरगुडसर
७ मार्च २०२५

चि. वैजयंतीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मंगळवारी, अठरा तारखेच्या एसटीने येतो. ठकूबाईला तेवढं सांग.

मोठा दगड माझ्याने उचलणार नाही, बसून दगडाच्या बारीक चिपा हातात देईन. संध्याकाळी रुपालीचं गणित बघेन. फक्त एकच धास्ती आहे, हा दिवस फिटला की वाडीशी माझं काहीच उरणार नाही. तेव्हा उतारावरून खाली येताना कोणाला तरी माझा हात धरायला सांग. त्याचा दिवस माझ्यावर राहू दे, म्हणजे पुन्हा यावं लागेल.

आहे तशी माया असू दे.

तुझा चुलता,
चिमाजी