सतरा नंबरची काच

ईसा टाउन, बहरीन
शुक्रवार, २५ फेब्रुवारी १९८३

चि. जयू,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि फोटो मंगळवारी मिळाला. सशाच्या कानाला कापडी पिशवी बांधून तू तिच्यात प्रयोगासाठी गोचीड पोसतोस, हे तुझ्या दाजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "एवढं शिकून शेवटी गोचिडांना जेवायला घालतोय होय!" उल्काला मात्र फोटो इतका आवडला की तो शाळेत घेऊन गेली. मामा नैरोबीला काय करतो, असं बाईंनी विचारल्यावर म्हणे, "ही फीड्स टिक्स, सो दॅट काउज डोन्ट डाय." इंग्रजीत का होईना, तुझं काम तिला माझ्यापेक्षा बरं सांगता येतं. मराठीत विचारलं की सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतच येतं.

इथं थंडी सरत आली. परवा कराडहून कुणी येणार होते त्यांच्याबरोबर मेतकूट मागवलं होतं, ते आलं. निम्मं तुझ्यासाठी बाजूला ठेवलंय. तू येशील तेव्हा त्याला वास राहिला असेल की नाही, देव जाणे. अंगावर गरम कपडे घालतोस ना? नैरोबी थंड आहे म्हणतोस आणि फोटोत अर्ध्या बाह्यांचा सदरा.

एक कामाचं विचारायचं होतं. रक्तात परजीवी असूनही काचेवर दिसला नाही, असं किती वेळा होतं? आमच्या गुरांच्या कंपनीत एक नवी मुलगी लागली आहे. जानेवारीत मोंबासाहून बोटीनं कालवडी आल्या, त्यांच्या रक्ताच्या काचा तिनं बघितल्या. सगळ्या निरोगी म्हणून लिहून दिल्या. आता त्यातल्या काही आजारी आहेत म्हणतात. तिची चूक म्हणायची का? बिचारी फार घाबरली आहे. सवडीनं लिही, पण लिही.

तुझी
ताई


ईसा टाउन
शुक्रवार, २५ मार्च १९८३

प्रिय जयू,

चार पानांचं पत्र लिहिलंस. रक्तात जंतू थोडे असले तर नुसत्या काचेवर निसटतात, म्हणून रक्त बारीक नळीत भरून यंत्रात फिरवायचं आणि तांबड्या पेशींच्या वर जो पांढरट थर साचतो तिथंच बघायचं, हे तू आकृती काढून समजावलंस. आणि शेवटी लिहिलंस, "त्या मुलीला सांग, चूक सगळ्यांची होते. आणि तिला तुझ्या शेजारी बसव. मी जे काही बघायला शिकलो ते तुझ्या शेजारी बसून."

जयू, नवी मुलगी कोणी नाही. काचा मीच बघते.

आता सगळं सांगते. मध्ये थांबू नको.

बेचाळीस कालवडी होत्या. कानाच्या शिरेचं रक्त मीच काचांवर घेतलं, रंगवलं, बघितलं आणि बेचाळीसही कागदांवर 'निरोगी' लिहून सही केली. त्यांतल्या सहा अरादच्या हाजी ताहिर यांनी घेतल्या. साठीचे गृहस्थ. खजुरांच्या बागेत गोठा आहे. तरुणपणी व्यापारासाठी मुंबईला येऊन-जाऊन असत, त्यामुळे हिंदी बोलतात. तीन आठवड्यांत त्यांचा निरोप आला. गाई ताप काढताहेत, चारा खात नाहीत.

आमचा ड्रायव्हर नझीर मला घेऊन गेला. तोवर एक कालवड मेली होती. दुसरी खाली मान घालून उभी होती. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी. त्यांची स्वतःची म्हातारी गाय, जी कधी बहरीनच्या बाहेर गेली नाही, तीही तापलेली. गोठ्यातल्या चावऱ्या माश्यांनी एकीचं रक्त दुसरीला पोचवलं, हे तुला मी काय सांगायचं!

हाजींनी कुर्त्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. "मादाम, ये कागज तुम्हारा है ना? इसमें लिखा है तंदुरुस्त."

"हां," मी म्हटलं. "मेरा है."

"तो फिर ये क्या है?"

मी पिशवीतून सुई काढली. रक्त घेऊन परत आले, काचेवर पुन्हा काही दिसलं नाही. तुझ्या पत्राची वाट बघत दिवस काढले. पत्र आलं त्याच दिवशी पुन्हा रक्त आणवलं आणि तू सांगितलंस तसं नळीत फिरवलं. पहिल्याच नळीत, पांढऱ्या थराच्या काठाला, वळवळ. ट्रिपॅनोसोम, तोच परजीवी. आमचे डॉ. गुरुप्रसाद बघून म्हणाले, "माशी चावून इथंच लागण झाली असणार. बोटीवरून आल्या तेव्हा निरोगीच होत्या. आपण तसं लिहून टाकू." ते वाईट नाहीत. त्यांचा माझ्यावर विश्वास होता, एवढंच.

मला सुटल्यासारखं वाटलं. पण जेवायच्या सुट्टीत मी कपाटातून जानेवारीच्या काचा काढल्या. हाजींच्या सहा कालवडींचे नंबर सतरा ते बावीस. सतरा नंबरची काच लावली आणि इंच न् इंच बघितली. काही नाही. आमचं मायक्रोस्कोप जुनं, एका डोळ्यानं बघायचं. मी नेहमी उजवा लावते. तो थकला म्हणून सहज डावा लावला.

वरच्या बाजूला, दोन तांबड्या पेशींच्या मध्ये, जांभळी बारीक दोरी पडावी तसा तो. काच न हलवता मी पुन्हा उजवा डोळा लावला. तो नव्हता. आणि जयू, तिथं काळं पडलं होतं, धूसर झालं होतं, असं काहीही नव्हतं. काही चुकतंय असं वाटतच नव्हतं. चांगलं भरलेलं, स्वच्छ रक्त दिसत होतं. किती महिने मी असं बघत होते कोण जाणे!

मनामाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन दिवस तपासलं. काचबिंदू आहे. उजव्या डोळ्याची वरची निम्मी नजर गेली, ती परत येणार नाही. डाव्याला सुरुवात आहे. थेंब दिले आहेत.

आता जे मी तुझ्यापासून नऊ वर्षं लपवलं ते. बाबांना मोतीबिंदू नव्हता. शेवटी भिंतीला हात लावून चालायचे, तुला वाटायचं ऑपरेशनला घाबरतात. त्यांना हेच होतं. मिरजेच्या डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं होतं, हे घरात चालत येतं, मुलांनी दरवर्षी तपासून घ्यावं. बाबा म्हणाले, "जयूला सांगू नको. त्याचं आफ्रिकेचं ठरतंय. आत्ता मनात भीती घातलीस तर तो जायचा नाही." मी ऐकलं. ते गेल्यावर तरी सांगायला हवं होतं. पण तुला सांगायचं म्हणजे मलाही तपासून घ्यावं लागलं असतं. मला ते नको होतं. माझी नजर चांगली आहे, असंच मला राहायचं होतं.

दुखत नाही, खुपत नाही, म्हणून टाळू नको. तुझं सगळं आयुष्य त्या काचेवर आहे. हे पत्र हातात पडेल त्या दिवशी जाऊन ये. मी उद्या सकाळी गुरुप्रसादांना सांगणार आहे, आणि मग अरादला जाणार आहे.

ताई


ईसा टाउन
शुक्रवार, २९ एप्रिल १९८३

प्रिय जयू,

तुझं पत्र आलं. दोन पानं रागाची आणि अर्ध्या पानावर डॉक्टरांनी काय सांगितलं ते. मी आधी अर्धं पान वाचलं. तुझ्या डाव्या डोळ्यात दाब वाढलाय, नजर अजून पूर्ण शाबूत आहे, थेंब रोज घातले तर बहुतेक राहील. स्वयंपाकघरातूनच मोठ्यानं हाक मारली. तुझे दाजी धावत आले, त्यांना वाटलं वाईट बातमी आहे.

मग रागाची दोन पानं वाचली. "तू माझी बहीण होतीस की बाबांची कारकून?" हे वाक्य मला बरेच दिवस पुरेल. बाबांनी सांगितलं हे खरं, पण बाबा नऊ वर्षं माझा हात धरून बसले नव्हते.

इकडचं सांगते. गुरुप्रसादांनी ऐकून घेऊन पेन मिटलं. मग म्हणाले, "तुम्ही बोलला नसता तर मला कधीच कळलं नसतं."

मी म्हटलं, "राहिलेल्या छत्तीस कालवडी कुठं कुठं गेल्या त्याची यादी द्या. सगळ्यांचं रक्त पुन्हा घ्यायचं."

त्यांनी यादी दिली. नळीत फिरवून आणखी सात सापडल्या. सुया टोचल्या. त्या साती जगल्या. कंपनीच्या मालकांनी मला पंधरा एप्रिलपासून यायचं बंद करा म्हणून कळवलं. मला त्यांचा राग नाही आला. नंतर रिकाम्या हातांनी घरी बसल्यावर मात्र फार जड गेलं. वीस वर्षं तेच तर करत आले होते.

हाजींकडे गेले तेव्हा ते म्हाताऱ्या गाईपाशी उकिडवे बसले होते. आणखी एक कालवड आदल्या दिवशी गेली होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. माझा डोळा, सतरा नंबर, सही. नझीर मध्येच माझी बाजू घ्यायला लागला, तर हाजींनी हात वर करून त्याला गप्प केलं.

"मैंने गाय देखके नहीं लिया था," ते म्हणाले. "तुम्हारी साइन देखके लिया था."

"मालूम है," मी म्हटलं.

ते गाईच्या मानेवरून हात फिरवत राहिले. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "आँख में दवा डालती हो?"

"हां."

"रोज?"

"रोज."

"इंशाल्ला." मग उठून त्यांनी गाईची दोरी आखूड धरली. "यल्ला, चलो, पहले इस बुढ़िया को सुई लगाओ. ये मेरी बीवी की है." 

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही. सुई मी धरली, मान त्यांनी धरली. गेल्या आठवड्यात नझीर सांगून गेला की म्हातारी रवंथ करते आहे. राहिलेल्या चार कालवडीही चारा खातात. कंपनीकडून मात्र हाजींनी पुन्हा जनावर घेणार नाही असं सांगितलंय, आणि ते बरोबरच आहे.

उल्काला परवा मनामाला नेऊन आणलं. तिचे डोळे चांगले आहेत. दरवर्षी दाखवायचं. परतताना गाडीत तिला सगळं सांगितलं, आजोबांचं, माझं, तुझं. दहा वर्षांच्या मुलीला कळेल तेवढं. ती मग म्हणाली, "डझ जयू मामा नो एव्हरीथिंग?"

मी म्हटलं, "हो. आता सगळं माहीत आहे त्याला."

जूनमध्ये रजा मिळेल असं तू पत्राच्या पार कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंयस. तेवढं मला दिसलं. राग उतरायची वाट बघू नको. रागावलेलाच ये, इथं बसून भांड.

तुझ्यापासून काहीही न लपवलेली,
तुझीच
ताई