गौरीसाठी घेतलेल्या गोळ्या

आई, तुझ्या तेराव्याला जेवायला बसलेल्या बायका म्हणत होत्या, "सवाष्ण गेली, तीही गौरी-गणपतीत. नशीब काढलं!" चाळिशीत मेलेल्या बाईचं नशीब! त्या वाक्याची मला अजून किळस येते, आणि त्यांना मुकाट्याने भाजी वाढणाऱ्या माझ्या हाताचीही.

ऐंशीच्या दशकातली आपली कांदिवलीची चाळ. गौर यायची होती आणि नेमकी तुझी तारीख आली होती. आत्या दारातूनच म्हणाली, "गौर घरात येणार नि तू बाहेरची बसणार? पाळी लांबवायच्या गोळ्या घे गो, सगळ्या घेतात." श्रावणातल्या पूजेसाठी तू त्या आधीच सुरू केल्या होत्यास, मग बंदच केल्या नाहीस. त्या मीच आणायचे. केमिस्टने कधी चिठ्ठी मागितली नाही. पेपरात गुंडाळून, तोंड फिरवून द्यायचा.

मग तुझी डावी पोटरी सुजली. आत्या म्हणाली, ओट्यापाशी उभं राहून पाय भरलाय, कोमट तेलाने चोळून दे. दुसऱ्या दिवशी, गौरीच्या जेवणाच्या सकाळी, तुला धाप लागली, छातीत कळ आली. आपले डॉक्टर हसले. "या वयात बायकांना हार्टचं काही होत नसतं. गॅस आहे." संध्याकाळची आरती चालू असताना तू गेलीस, आणि घरच्यांनी आरती पुरी केली.

परवा मी हार्टच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते, त्यांना तुझं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, पाळी असेपर्यंत बाईच्या अंगातलं इस्ट्रोजेन हृदयाला थोडं सांभाळतं. पण तेच गोळीतून घेतलं की रक्त गोठायचा धोका वाढतो, आणि तेव्हाच्या गोळ्यांत ते बरंच जास्त असायचं. पायात गाठ धरते, सुटली की फुफ्फुसात जाऊन अडकते. म्हणजे तुला गॅस नव्हता, आणि हार्टचंही काही नव्हतं. आपसूक वाहणाऱ्या रक्ताचा यांना विटाळ, आणि ते थांबवताना बाई मेली तर नशीब. थू!

"असा पाय चोळला तर?" मी विचारलं.

"चोळायचा नसतोच. गाठ सुटू शकते."

मी मान डोलावली, फाइल उचलली आणि बाहेर आले. इतकी वर्षं आत्याला, डॉक्टरला, त्या बायकांना शिव्या घालत आलेय, आणि त्या अजूनही घालीन. पण तुला लिहिलेले हे कागद तुझ्या जुन्या साडीच्या घडीत ठेवणार आहे, कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून. तू गेलीस त्याच्या आदल्या संध्याकाळी, मी तेल लावत असताना तू म्हणालीस, "पुरे गं, दुखतंय." बाहेर फुगड्या सुरू झाल्या होत्या, मला लवकर सुटायचं होतं. मी आणखी जोरात चोळलं.