वडिलांना भाड्याच्या गाडीने लुंबिनीपर्यंत नेण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
नोंद व नकाशे शाखा,
खाडीकिनारा अभिलेख कार्यालय,
नवी मुंबई.

अर्जदार : श्रीमती जयमाला वामन येलवे, वरिष्ठ लिपिक, आपलीच शाखा, आपल्या केबिनच्या दारासमोरचे टेबल.

विषय : दि. २ ते १९ फेब्रुवारी २०२६ अशी अठरा दिवसांची अर्जित रजा मंजूर होणेबाबत (चौथ्यांदा).

संदर्भ : १) अर्जदाराचा अर्ज दि. ४ नोव्हेंबर २०२५ (त्रुटी काढून परत).
२) अर्ज दि. १ डिसेंबर २०२५ (शेरा मारून परत).
३) अर्ज दि. ५ जानेवारी २०२६ (आपल्या घरी).

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार पुढीलप्रमाणे सविनय सादर करते. या वेळी अर्ज शेवटपर्यंत वाचावा अशी आधीच विनंती आहे, कारण आपण पहिले वाक्य वाचता आणि थेट सहीवर जाता, हे सहा वर्षे समोर बसून अर्जदाराला ठाऊक झाले आहे.

१. अर्जदाराचे वडील श्री. वामन धोंडू येलवे, वय ७९, राहणार उलवे, हे न्हावा शेवा येथील एका कंटेनर यार्डात एकवीस वर्षे नोंदणीचे काम करीत होते. आलेल्या-गेलेल्या प्रत्येक खोक्याचा नंबर वहीत उतरवायचा, सील बघायचे आणि माल कुठे चालला ते लिहायचे. त्यामुळे कानपूर, पाटणा, गोरखपूर ही नावे ते शेजारच्या सोसायटीसारखी घेतात. स्वतः मात्र उत्तरेला नाशिकच्या पुढे कधी गेलेले नाहीत. "जन्मभर दुसऱ्यांची खोकी तिकडे धाडली, एकदा मला धाड की गं," असे ते गेली चार वर्षे म्हणत आहेत. त्यांना लुंबिनी, बोधगया, सारनाथ आणि कुशीनगर बघायचे आहे, म्हणजे भगवान बुद्ध जिथे जन्मले, जिथे त्यांना बोध झाला, जिथे ते पहिल्यांदा बोलले आणि जिथे त्यांनी देह ठेवला ती चार ठिकाणे. वाटेत सांची, श्रावस्ती, राजगीर, वैशाली. वडिलांचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. डॉक्टरांनी सांगितले, न्यायचे तर या थंडीत न्या, पुढच्या हिवाळ्याचे मी बोलत नाही. अर्जाचा मुद्दा एवढाच आहे. यापुढचे सगळे या कार्यालयामुळे लिहावे लागले.

२. पहिला अर्ज "प्रवासाचा तपशीलवार कार्यक्रम जोडलेला नाही" या कारणास्तव परत आला. दहा दिवसांपेक्षा जास्त रजेला असा कार्यक्रम जोडावा, हे परिपत्रक चार वर्षांपूर्वी निघाले. त्याचा मसुदा अर्जदारानेच केला होता. तेव्हा "तारीख, वार, वेळ व अंतरासह" हे शब्द घालताना फार बरे वाटले होते, ते आता वाटत नाही.

३. विमान घरासमोरून उडते, मग गाडी कशाला, अशीही तोंडी विचारणा आपण केली होती. त्याचे उत्तर वडिलांनी दिले ते जसेच्या तसे नोंदवीत आहे. ते म्हणाले, "जो माणूस पंचेचाळीस वर्षं पायी फिरून शिकवत होता, त्याच्याकडे मी उडत जाऊ? मी चालतच गेलो असतो, पण माझे गुडघे तुझ्या ऑफिसातल्या फायलींसारखे आहेत, जागचे हलत नाहीत." हे उद्गार वडिलांचे आहेत, अर्जदाराचे नाहीत. अर्जदार फक्त हसली होती.

४. कार्यक्रम आखण्यासाठी गाडीमालक श्री. हिरामण यांना बोलावण्यात आले. हे उलव्याचेच, जुन्या गावातले. बंदरापासून उत्तरेपर्यंत चोवीस वर्षे त्यांनी ट्रेलर चालवला. पाठीने साथ सोडली तेव्हा ट्रेलर विकून सात सीटची गाडी घेतली आणि ती भाड्याने चालवतात. अर्जदाराने नकाशा पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. "ताई, टेन्शन नका घेव, सगला रस्ता पाठ हाय," असे म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि घडाघडा सांगत सुटले. अर्जदाराने तारीख, वार, वेळ व अंतरासह उतरवून घेतले. एकोणीस वर्षांच्या सेवेत समोरचा सांगेल ते उतरवून घेणे हेच अर्जदाराच्या हाताला वळण आहे. वाचून बघायचे राहिले. दुसरा अर्ज तसाच गेला.

५. त्या कार्यक्रमात काय होते हे आपण जाणताच, तरी नोंदीसाठी पुन्हा लिहीत आहे. प्रत्येक शहरात पोहोचण्याची वेळ रात्री अकरानंतरची होती, कारण जड वाहनांना दिवसा प्रवेश नसतो. वाराणसी शहर टाळून बाहेरच्या वळणरस्त्याने पुढे जायचे होते, त्यात सारनाथ राहूनच गेले. सांचीला "पूल ठेंगना हाय, आपलं खोकं जानार नाय" म्हणून विदिशावरून हात जोडायचे होते. दर चार तासांनी टायर गार करण्यासाठी पाऊण तास, दोन ठिकाणी वजनकाटा, आणि नेपाळच्या हद्दीवर सोनौलीला कागदपत्रांच्या रांगेत चार मुक्काम. त्या चार मुक्कामांसाठी स्टोव्ह, मसूर डाळ आणि खाटा न्यायच्या होत्या. लुंबिनीत थांबण्यासाठी दीड तास ठेवला होता, तोही माल उतरवायला जेवढा लागतो तेवढा. त्यावर आपण लाल शाईने शेरा मारला : "अर्जदार यात्रेस जात आहे की माल पोचविण्यास?" शेरा योग्यच होता. शाखेत तो मोठ्याने वाचला गेला आणि दोन दिवस सगळे अर्जदाराला "काटा झाला का?" असे विचारीत होते. श्री. हिरामण यांना विचारले असता ते शांतपणे म्हणाले, "बारक्या गाडीचा रस्ता इचारलाव कंदी? मना वाटलं ट्रेलरच नेताव." वडील सोफ्यावर बसून पोट धरून हसले. मग म्हणाले, खाटा मात्र राहू दे, चांगली कल्पना आहे.

६. तिसरा अर्ज अर्जदाराने स्वतः नकाशा बघून, अंतरे मोजून, दुपारचा भात आणि गुडघ्यांची औषधे धरून केला. त्यावर पुढील त्रुटी निघाल्या.
(अ) प्रयोजन धार्मिक असल्याने संबंधित स्थळाचे निमंत्रणपत्र जोडावे. महोदय, अडीच हजार वर्षांत तिथे कोणालाही निमंत्रण गेल्याचे अर्जदाराच्या ऐकिवात नाही. लोक आपले जातात.
(आ) रजेच्या काळात काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याचे संमतीपत्र जोडावे. ते श्रीमती क्षिप्रा, कनिष्ठ लिपिक, यांनी आनंदाने दिले. पण कार्यक्रम तीन दिवस त्यांच्या टेबलावर राहिला, त्यांनी तो दोनदा वाचला, आणि चौथ्या दिवशी मागच्या सीटवर जागा आहे का असे विचारले. जागा होती. तेव्हा त्यांनीही रजेचा अर्ज केला आणि स्वतःच्या गैरहजेरीत काम बघणारी म्हणून अर्जदाराचे नाव घातले. सबब आज कागदोपत्री दोघीही यात्रेला जात आहेत आणि दोघीही एकमेकींच्या टेबलावर बसलेल्या आहेत.
या दोन्ही त्रुटींची पूर्तता कशी करावी याचे मार्गदर्शन मागितले, तेव्हा आपण तिसरा अर्ज छाननीसाठी घरी घेऊन गेलात.

७. अर्ज घरीच राहिला, पण त्याला जोडलेला कार्यक्रम मागील बुधवारी क्षिप्राबाईंच्या हाती परत आला. त्यावर पेन्सिलीने खुणा होत्या. सांचीपुढे "सकाळी लवकर." श्रावस्तीपुढे "इथे एक दिवस वाढवावा." राजगीरपुढे "रोपवे आहे! विचारणे." वैशाली अर्जदाराने अर्धा दिवस धरली होती, तिथे "का?" असे लिहून दोन रेघा. आणि शेवटच्या पानावर, गाडीच्या बैठकीच्या आराखड्यात, मधल्या रांगेत डाव्या खिडकीपाशी एक बारीकसा "अ." होता. हा "अ." अर्जदाराने दोन दिवस अर्जदाराचाच धरला. अर्जदार तर पुढे बसणार होती.

८. मग आस्थापना शाखेतून कळले की आपणही दि. २ फेब्रुवारीपासून अठरा दिवसांची रजा मागितली आहे, ती मुख्य कार्यालयात अडकली आहे, आणि आपली सुटेपर्यंत अर्जदाराची सोडायची नाही असे ठरले आहे. तो "अ." अधीक्षकांचा होता. म्हणजे गाडी अर्जदाराने ठरवली, रस्ता अर्जदाराने आखला, गुडघे अर्जदाराच्या वडिलांचे, आणि रजा मात्र आपल्या रजेमागे रांगेत उभी. महोदय, हे ऐकून अर्जदाराला राग आला, हे लपवण्यात अर्थ नाही. सांगितले असते तर जागा दिली असती. वडिलांना सोबतीला बोलणारे माणूस हवेच आहे, अर्जदार बोलत नाही अशी त्यांची जुनी तक्रार आहे.

९. आता जी गोष्ट लिहिणे अवघड आहे ती. दि. ५ जानेवारीला घरी गेल्यावर वडिलांनी विचारले, झाली का मंजूर? अर्जदार "हो" म्हणाली. दोन वेळा "नाही" सांगून झाले होते, तिसऱ्यांदा तोंडातून निघाले नाही. त्या दिवसापासून वडिलांनी पांढरा सदरा इस्त्री करून कपाटाच्या दाराला टांगला. सोसायटीत वॉचमनपासून दूधवाल्यापर्यंत सर्वांना तारीख सांगितली. काल रविवारी माघ पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर त्यांचा निरोपसमारंभही झाला. बायांनी बोधगयेला लावण्यासाठी मेणबत्त्या दिल्या, प्रत्येकीवर नाव लिहिलेली चिठ्ठी, मोजून त्रेसष्ट. आणि पंचशील म्हणायला सगळ्यांनी अर्जदाराला पुढे उभे केले. तीन शीले नीट म्हटली. चौथे आले, मुसावादा वेरमणी, खोटे बोलण्यापासून दूर राहण्याचे, आणि अर्जदाराचा आवाज बसला. लोकांना वाटले, लेकीला भरून आले. बाबा समोर खुर्चीत हात जोडून बसले होते, त्यांनी तेवढ्यापुरती मान वर केली आणि अर्जदाराकडे बघितले. त्यांना कळले होते. बहुधा पाच जानेवारीलाच कळले असावे. अर्जदाराला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

१०. आज पहाटे पाच वाजता अर्जदार त्यांना खरे सांगायला उठली. बाबा घरात नव्हते. खाली गाडीत, अर्जदाराच्या पुढच्या सीटवर, पट्टा लावून, सदरा घालून बसले होते. मागे क्षिप्राबाई, मेणबत्त्यांच्या पिशव्या आणि श्री. हिरामण यांनी खरोखरच आणलेली एक घडीची खाट. अर्जदाराने खिडकीशी उभे राहून सांगितले की बाबा, रजा मंजूर नाही, मी खोटे बोलले. ते म्हणाले, "माहीत आहे. नोकरी तुझी आहे, तू ठरव. मी इथे नुसता बसायला आलो तरी चालेल." असे म्हणून त्यांनी काच वर केली. महोदय, यावर नियमात काही तरतूद असल्यास अर्जदाराला ती सापडली नाही.

११. सबब कळविण्यात येते की हा अर्ज धाब्याच्या टेबलावर लिहिलेला असून त्याचा फोटो काढून शाखेच्या ईमेलवर पाठवीत आहे. धुळे, शिरपूर मागे पडले. दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी पळासनेरपुढे राज्याची हद्द ओलांडली. बाबांनी गाडी थांबवायला लावली, श्री. हिरामण यांच्या खांद्याला धरून खाली उतरले आणि मागे वळून बघत उभे राहिले. मग रुमालाने डोळे पुसले आणि भूक लागली म्हणाले. आत्ता ते समोर बसून डाळ खात आहेत आणि डाळीला चव नाही म्हणून धाबेवाल्याशी हुज्जत घालीत आहेत. चार वर्षांत त्यांना इतके खूश अर्जदाराने पाहिलेले नाही.

१२. तरी विनंती की, अर्जित रजा मंजूर करावी. ती देता येत नसेल तर बिनपगारी धरावी, तीही नसेल तर नियमाप्रमाणे जी कारवाई व्हायची ती करावी. अर्जदार तक्रार करणार नाही. अर्जदाराच्या टेबलाची किल्ली डाव्या खणात असून चालू महिन्याच्या सगळ्या नोंदी पूर्ण केलेल्या आहेत. अर्ज नामंजूर होणार असल्यास तसे कळविण्याची घाई करू नये. मंजूर होणार असल्यासही करू नये. बाबांनी अर्जदाराचा फोन बंद करून स्वतःच्या खिशात ठेवायला मागितला आहे, आणि हे वाक्य संपले की तो त्यांना देणार आहे.

आपली आज्ञाधारक (आजचा दिवस वगळून),
जयमाला वामन येलवे

स्थळ : सेंधवा, मध्य प्रदेश
दिनांक : २ फेब्रुवारी २०२६

सोबत :
१) पंचशीलाच्या पालनात झालेल्या चुकीची कबुली (परिच्छेद ९ हीच समजावी).
२) सुधारित कार्यक्रम. श्रावस्तीला एक दिवस वाढवला आहे, वैशाली पूर्ण दिवस केली आहे. आपले बरोबर होते.
३) बैठकीचा आराखडा. मधल्या रांगेतली डावी खिडकी रिकामी आहे. आम्ही शुक्रवारी सकाळी सारनाथला असू. तिथपर्यंत कसे यायचे ते आपण बघावे, पुढचे हिरामण बघतील.